वृद्धांचे घरभाडे आणि शासनाचा वाटा : अमेरिकेतील अनुदानित निवासव्यवस्था

'घरकुल' हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या मालकीची वास्तू उभी राहते. १९८५-८६ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना असो, २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) असो, किंवा शहरांतील 'म्हाडा'ची सोडत असो, या साऱ्यांत लाभार्थी हा अखेर घराचा मालक होतो. कमावत्या कुटुंबाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर गुजराण करणारी व्यक्ती घराच्या हप्त्यांचा भार उचलू शकत नाही आणि मालकीची तिला तितकीशी निकडही नसते. तिला हवी असते ती उर्वरित आयुष्यात कोणी बाहेर काढणार नाही अशी आणि भाडे देऊन औषधपाण्यासाठी चार पैसे उरतील अशी जागा.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अल्प उत्पन्न गटातील वृद्धांची ही गरज गेली सहा-सात दशके प्रामुख्याने अनुदानित भाड्याच्या घरांतून भागविण्याचा प्रयत्न होत आहे. ती व्यवस्था निर्दोष नाही. किंबहुना तिचे दोष हेही अभ्यासण्याजोगे आहेत. मात्र वृद्धासाठी घर शोधणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, हे तिच्याइतके स्पष्टपणे क्वचितच अन्यत्र दिसून येते.

एकट्या वृद्धाला प्रवेश मिळेपर्यंत

अमेरिकेतील सार्वजनिक गृहनिर्माणाचा पाया १९३७ च्या गृहनिर्माण कायद्याने घातला गेला. महामंदीच्या काळात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत झालेल्या या कायद्यानुसार संघ शासनाने पैसा पुरवावयाचा आणि स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरणांनी गाळे बांधून ते गरीब कुटुंबांना भाड्याने द्यावयाचे, अशी विभागणी झाली. पण 'कुटुंब' या शब्दानेच वृद्धांची वाट अडविली. एकटी व्यक्ती म्हणजे कुटुंब नव्हे, असा अर्थ असल्याने विधवा वा विधुर वृद्धाला या गाळ्यांत प्रवेशच नव्हता. तब्बल एकोणीस वर्षांनी, १९५६ च्या कायद्याने, एकट्या वृद्धालाही पात्र ठरविण्यात आले आणि खास वृद्धांसाठी गाळे बांधण्यास मुभा मिळाली. व्याख्येतील एका शब्दामुळे सर्वांत गरजू वर्ग बाहेर राहावा, याची उदाहरणे कोणत्याही देशाच्या प्रशासनात सापडतील.

टेक्सास राज्यातील सॅन अँटोनिओ येथे १९६० मध्ये 'व्हिक्टोरिया प्लाझा' ही खास वृद्धांसाठी आखलेली सार्वजनिक इमारत सुरू झाली. अशा प्रकारच्या आरंभीच्या इमारतींत तिची गणना होते. मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस कार्प यांनी तेथे प्रवेशासाठी अर्ज केलेल्या वृद्धांच्या मुलाखती आधीच घेऊन ठेवल्या होत्या. त्यामुळे ज्यांना जागा मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही अशा दोहोंची पुढे तुलना करता आली. जागा मिळालेल्यांचे समाधान, मित्रपरिवार आणि दैनंदिन हालचाल यांत सुधारणा झाल्याचे त्यांना आढळले. हा अभ्यास १९६६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि आठ वर्षांनंतरच्या पाहणीतही फरक टिकून असल्याचे दिसले. चांगल्या घराचा लाभ केवळ छपरापुरता नसतो, हे त्यामुळे आकड्यांनिशी मांडता आले.

चार दारे

आजमितीस गरीब वृद्धाला घराचा शोध घ्यावयाचा झाल्यास त्याच्यापुढे मुख्यतः चार दारे असतात. ती निरनिराळ्या कायद्यांनी, निरनिराळ्या वर्षी उघडली असल्याने त्यांचे नियमही निरनिराळे आहेत. सामान्य अर्जदाराचा निम्मा गोंधळ येथेच होतो.

पहिले दार सार्वजनिक गाळ्यांचे. हे गाळे स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे असतात आणि अशी प्राधिकरणे देशभरात तीन हजारांहून अधिक आहेत. १९९२ च्या कायद्यानंतर काही इमारती केवळ वृद्धांसाठी राखून ठेवण्याची परवानगी त्यांना मिळाली.

दुसरे दार 'कलम २०२' या नावाने ओळखले जाते. १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यातील हे कलम खास वृद्धांसाठीच आहे. धर्मसंस्था, कामगार संघटना यांसारख्या नफा न मिळविणाऱ्या संस्थांना प्रारंभी अल्प व्याजाने दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यात येई. १९९० मध्ये पद्धत बदलली. तेव्हापासून बांधकामासाठी थेट भांडवली रक्कम देण्यात येते आणि चाळीस वर्षे ती इमारत अतिशय अल्प उत्पन्नाच्या वृद्धांसाठीच वापरली गेल्यास ती परत करावी लागत नाही. या कलमाखाली आजवर सुमारे चार लाख निवासस्थाने उभी राहिली. कुटुंबातील किमान एक व्यक्ती ६२ वर्षे पूर्ण केलेली असावी आणि उत्पन्न त्या विभागातील मध्यम उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावे, अशा येथील मुख्य अटी आहेत.

तिसरे दार भाडे-व्हाउचरचे. १९७४ च्या कायद्यातील कलम ८ मध्ये त्याचे मूळ आहे. येथे शासन घर देत नाही, भाड्याचा वाटा देते. घर अर्जदाराने खाजगी बाजारात शोधावयाचे असते. व्हाउचर हाती पडल्यावर शोधासाठी सुरुवातीस निदान ६० दिवसांची मुदत मिळते. वरवर पाहता ही सोय मोठी आहे, कारण मुलीच्या वा बहिणीच्या शेजारी राहावयाचे तर तेथे घर पाहता येते. पण गुडघे दुखणाऱ्या पंचाहत्तरीच्या बाईने दोन महिन्यांत घरे हिंडावीत, घरमालकाने व्हाउचर स्वीकारावे आणि ते घर शासकीय तपासणीतही उतरावे, हे सारे जुळून यावे लागते. काही राज्यांनी व शहरांनी व्हाउचर असल्याच्या कारणावरून भाडेकरू नाकारण्यास बंदी घातली आहे. सर्वत्र तशी बंदी नाही.

चौथे दार ग्रामीण भागातले, आणि पंचायत सदस्यांना ते विशेष लक्षणीय वाटेल. तेथे गृहनिर्माण खात्याऐवजी कृषी खाते पुढाकार घेते. 'कलम ५१५' नावाच्या योजनेखाली लहान गावांत भाड्याची घरे बांधणाऱ्यांना अत्यंत सवलतीच्या व्याजाने कर्जे देण्यात आली आणि कित्येक इमारतींतील भाडेकरूंना स्वतंत्र भाडेसाहाय्यही मिळाले. शेतीप्रधान तालुक्याच्या गावी दोन मजली, वीस-पंचवीस गाळ्यांची अशी इमारत ही तेथील वृद्ध शेतकरी-शेतमजुरांची मोठीच सोय ठरली. बहुतेक बांधकाम १९७० आणि १९८० च्या दशकांतले आहे. आता ती कर्जे फिटत आली आहेत. कर्ज फिटले की मालकावरील बंधन संपते आणि त्याबरोबर भाडेसाहाय्यही. कर्जमुक्ती ही एरवी आनंदाची वार्ता, पण या इमारतींतील म्हाताऱ्यांना तिचीच धास्ती आहे.

यांखेरीज १९८६ पासून करसवलतीच्या बळावर खाजगी विकासकांनी बांधलेली माफक भाड्याची घरेही पुष्कळ आहेत. तेथे भाडे विभागाच्या सरासरीवरून ठरते, भाडेकरूच्या उत्पन्नावरून नव्हे. त्यामुळे 'माफक भाडे' ही पाटी वाचून आत गेलेल्या वृद्धाला ते भाडेही झेपत नाही असे वारंवार घडते. चौकशी करताना पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा : भाडे माझ्या उत्पन्नावर ठरणार की इमारतीच्या दरपत्रकावर?

भाड्याचा हिशेब

उत्पन्नावर भाडे ठरविण्याच्या तत्त्वाला एक इतिहास आहे. १९६० च्या दशकात प्राधिकरणांच्या इमारती जुन्या होत चालल्या, दुरुस्तीखर्च वाढला आणि तो भाड्यातूनच भागवावयाचा असल्याने भाडी वाढत गेली. १९६९ मध्ये सेंट लुईस शहरातील सार्वजनिक गाळ्यांच्या भाडेकरूंनी भाडे देणे थांबविले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या पुढाकाराने झालेल्या दुरुस्तीने भाड्यावर उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली आणि तीच आजही प्रमाण मानली जाते.

हे ३० टक्के सरसकट उत्पन्नावर नसून वजावटींनंतरच्या उत्पन्नावर मोजतात. वृद्ध कुटुंबाला एक ठराविक वजावट मिळते. दीर्घकाळ ती वर्षाला ४०० डॉलर होती. २०१६ च्या कायद्याने ५२५ डॉलर निश्चित करून ती महागाईशी जोडण्यात आली. शिवाय औषधोपचाराचा खर्च एका मर्यादेपलीकडे गेल्यास तोही वजा होतो. समजा, एखाद्या वृद्धेचे वजावटींनंतरचे मासिक उत्पन्न ९०० डॉलर राहिले, तर तिने भाड्यापोटी २७० डॉलर द्यावयाचे. तेवढ्याच जागेचे बाजारभाडे १,२०० डॉलर असेल, तर ती व्हाउचरविना राहूच शकत नाही, हे वेगळे सांगावयास नको. उत्पन्न घटले तर भाडेही घटते. पती वारल्यावर दोन निवृत्तिवेतनांचे एक झाले, तरी विधवेला घर सोडावे लागत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा दिलासा होय. औषधांच्या पावत्या मात्र जपून ठेवाव्या लागतात. पावती नाही तर वजावट नाही.

रांग एक नव्हे, अनेक

घराच्या शोधातील खरी कसोटी पात्रतेची नसून प्रतीक्षेची आहे. सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन किंवा वृद्धांचा आरोग्यविमा हे पात्र व्यक्तीला हक्काने मिळतात. निवाऱ्याचे तसे नाही. संसद जेवढा निधी मंजूर करील तेवढ्यांनाच तो मिळतो. साहाय्यास पात्र असलेल्या वृद्ध कुटुंबांपैकी सुमारे एक-तृतीयांशांनाच ते प्रत्यक्षात लाभते. उरलेले रांगेत असतात, किंवा रांगेतही नसतात.

आणि रांग एकच नसते, ही गोष्ट बहुतेकांना उशिरा कळते. सार्वजनिक गाळ्यांची प्रतीक्षायादी प्राधिकरणाकडे असते. व्हाउचरची यादी त्याच कार्यालयात, पण वेगळी. कलम २०२ खालील प्रत्येक इमारतीची यादी त्या त्या इमारतीच्या व्यवस्थापकाकडे. एका ठिकाणी अर्ज दिल्याने दुसरीकडे नाव लागत नाही. म्हणून जाणकार कार्यकर्ते वृद्धांना एकाच वेळी जितक्या ठिकाणी शक्य तितक्या ठिकाणी, शेजारच्या गावांतसुद्धा, अर्ज करावयास सांगतात. मोठ्या शहरांतील याद्या वर्षानुवर्षे बंद असतात. त्या उघडल्या की काही दिवसांच्या मुदतीत अर्ज घेऊन पुष्कळदा सोडत काढली जाते. लहान गावांतील एखाद्या इमारतीत मात्र काही महिन्यांत जागा मिळून जाते. त्यामुळे शहर सोडण्याची तयारी असलेला वृद्ध लवकर घरात जातो. पण ज्या डॉक्टरांवर, ज्या प्रार्थनामंदिरावर, ज्या शेजारणीवर त्याचे आयुष्य उभे असते, ते सारे मागे सोडून. ही किंमत कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

यादीतील क्रम केवळ तारखेवर ठरत नाही. स्थानिक रहिवासी, बेघर, आपत्तिग्रस्त, माजी सैनिक अशांना प्राधान्य देण्याचे नियम प्राधिकरणे स्वतः करतात, आणि ते जाहीर असतात. अर्जदाराने आपण कोणत्या प्राधान्यात बसतो हे अर्जातच नोंदविले पाहिजे. नंतर कोणी विचारीत नाही.

रांगेतून नाव निघून जाण्याचे एक कारण तर अतिशय क्षुल्लक आहे. यादी ताजी ठेवण्यासाठी कार्यालय अर्जदारांना अधूनमधून पत्र पाठविते : 'आपण अद्याप इच्छुक आहात काय?' ठरल्या मुदतीत उत्तर न आल्यास नाव कमी होते. वृद्ध व्यक्ती दवाखान्यात असते, मुलाकडे राहावयास गेलेली असते, किंवा भाडे न परवडल्याने खोली बदललेली असते. पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहते आणि चार-पाच वर्षांची प्रतीक्षा वाया जाते. ज्याला घराची निकड सर्वाधिक, त्याचाच पत्ता सर्वाधिक बदलतो. पत्ता बदलताच प्रत्येक यादीला लेखी कळविणे आणि त्या पत्राची प्रत ठेवणे, हा उपाय साधा आहे. तो करून देणारे कोणी जवळ हवे.

असे कोणी असावे म्हणून १९६५ च्या वृद्धकल्याण कायद्याखाली, १९७३ च्या दुरुस्तीनंतर, देशभर विभागीय वृद्धकल्याण कार्यालयांचे जाळे उभारण्यात आले. तेथे घरांची माहिती मिळते आणि अर्ज भरण्यास साहाय्य होते. अनेक भागांत २११ हा दूरध्वनी क्रमांक फिरविल्यासही स्थानिक सेवांची माहिती मिळू शकते. अर्जासोबत वयाचा दाखला, सामाजिक सुरक्षा क्रमांक, निवृत्तिवेतनाचे पत्र आणि बँकेच्या हिशेबाचे उतारे लागतात. संघ शासनाच्या अनुदानावरील या इमारतींत अर्जासाठी शुल्क आकारण्यास परवानगी नाही. त्यामुळे 'पैसे भरा, नाव वर घेतो' असे सांगणारा मनुष्य फसवा समजावा, हे तेथेही वृद्धांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मिळते आणि फेरविचार मागता येतो. चालता न येणारा अर्जदार खालच्या मजल्याची किंवा न्हाणीघरात धरण्यासाठी दांडी बसविण्याची मागणी कायद्याच्या आधारे करू शकतो.

या संदर्भात परदेशस्थ मराठी कुटुंबांविषयी एक उल्लेख आवश्यक आहे. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर गेलेले अभियंते व डॉक्टर आज स्वतः वृद्ध झाले आहेत आणि त्यांतील बहुतेकांना या साहाय्याची गरज नाही. प्रश्न येतो तो मुलांनी उतारवयात बोलावून घेतलेल्या आईवडिलांचा. साधारणपणे दहा वर्षे तेथे नोकरी केल्याखेरीज स्वतःचे सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतन मिळत नाही. अशा आईवडिलांचे स्वतःचे उत्पन्न शून्यवत असते. कायदेशीर स्थायी रहिवासी सार्वजनिक गाळ्यांसाठी व व्हाउचरसाठी अर्ज करू शकतात. केवळ पर्यटक म्हणून आलेल्यांना ती वाट मोकळी नाही.

भिंतींपलीकडे

वृद्धांच्या इमारतीत उद्वाहन, रुंद दारे, संकटसमयी ओढावयाची घंटेची दोरी आणि एकत्र बसण्याचे दालन या गोष्टी असतात. काही ठिकाणी तळमजल्यावर दुपारचे सामुदायिक भोजन मिळते. परंतु वृद्धाश्रम आणि ही घरे यांत मूलभूत अंतर आहे. येथे प्रत्येकाचे स्वतंत्र दार, स्वतंत्र चूल आणि स्वतःच्या नावाचा भाडेकरार असतो. पाहुणा केव्हा यावा हे व्यवस्थापक ठरवीत नाही. वय वाढले, स्वयंपाक जमेनासा झाला, की काय करावयाचे, यासाठी १९९० पासून अनेक इमारतींत 'सेवा-समन्वयक' नेमण्यास निधी मिळू लागला. हा समन्वयक स्वतः शुश्रूषा करीत नाही. घरपोच जेवण, परिचारिका, वाहन, सरकारी अर्ज यांची सांगड घालून देतो. त्यामुळे शुश्रूषागृहात जाण्याची वेळ लांबते, आणि शुश्रूषागृहाचा खर्च शेवटी बहुधा शासनावरच पडत असल्याने या एका पगाराचा हिशेब शासनाच्या दृष्टीनेही तोट्याचा नाही.

मग अशी घरे वाढत का नाहीत? १९९८ च्या कायद्याने प्राधिकरणांच्या गाळ्यांची संख्या १ ऑक्टोबर १९९९ च्या पातळीवर गोठविली. तिच्यापलीकडे संघ शासनाच्या पैशातून नवे गाळे वाढविता येत नाहीत. कलम २०२ खाली २०१२ पासून काही वर्षे नव्या बांधकामास निधीच मिळाला नाही. तो २०१८ च्या सुमारास पुन्हा सुरू झाला. या काळात महायुद्धोत्तर पिढी मात्र साठी-सत्तरीत प्रवेश करीत होती.

आपल्याकडील परिस्थिती

महाराष्ट्रात १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यातील कलम १९ मध्ये, निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे व्यक्तींची सोय असणारा एक तरी वृद्धाश्रम राज्य शासनाने स्थापावा, अशी तरतूद आहे. वृद्धाश्रम आणि मालकीचे घरकुल या दोन टोकांमधील, स्वतंत्र पण अनुदानित भाड्याच्या घराची जागा आपल्याकडे बव्हंशी रिकामी आहे. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक समाविष्ट झाला आहे. शहरी योजनेच्या वाटपात ज्येष्ठ नागरिकांना व अपंगांना तळमजल्यासाठी प्राधान्य द्यावे, ही सूचनाही पूर्वीपासून आहे.

ग्रामीण भागात याहून जवळचे साधन पंचायतीच्या हातात राहिले आहे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) च्या २०१६ पासूनच्या टप्प्यात प्राधान्यक्रम लावताना, ज्या घरात १६ ते ५९ वयाचा एकही प्रौढ नाही, अशा कुटुंबाच्या बाजूने एक गुण धरला जाई. म्हणजे केवळ म्हातारा-म्हातारीच राहतात असे घर. याद्या पडताळण्याचे काम ग्रामसभेचे. मुलगा मुंबईस वा पुण्यास स्वतंत्र बिऱ्हाड करून राहतो, पण त्याचे नाव गावच्या शिधापत्रिकेत अजून आहे, अशा प्रसंगी ते घर कागदोपत्री 'कमावते' राहते आणि क्रम खाली जातो. नाव वेळीच कमी झाले आहे की नाही, हे पाहणे ग्रामसेवकास वा शाळेतील शिक्षकास अवघड नाही. त्या दोघा वृद्धांना मात्र ते बहुधा ठाऊकच नसते.